वाटाड्या ते परवानाधारक मार्गदर्शक : भारतातील स्थानिक मार्गदर्शनव्यवस्थेची ऐतिहासिक वाटचाल

प्रस्तावना

भारतासारख्या खंडप्राय देशात प्रवासास निघालेल्या माणसासमोर रस्ता, वाहन आणि निवारा यांच्याइतकाच आणखी एक प्रश्न नेहमी उभा राहिला आहे. अनोळखी मुलखात आपणास कोण नेईल, काय दाखवील आणि त्याच्या शब्दावर विश्वास कोणत्या आधारावर ठेवावा, हा तो प्रश्न होय. भाषा दर काही कोसांवर बदलते, वजनमापे व नाणी एकेकाळी प्रांताप्रांतांत वेगळी होती, मंदिरांचे व घाटांचे आचार निरनिराळे होते. अशा देशात स्थानिक माणसाच्या साहाय्याशिवाय प्रवास करणे अवघड होते आणि तो स्थानिक माणूस प्रवाशास सर्वस्वी अपरिचित असे.

पर्यटनाच्या इतिहासावरील लेखनात रेल्वे, आगबोटी, धर्मशाळा, डाकबंगले व हॉटेले यांचा विचार पुष्कळ झाला आहे. त्या मानाने प्रवाशाबरोबर प्रत्यक्ष चालणाऱ्या स्थानिक मार्गदर्शकाकडे इतिहासकारांचे लक्ष कमी गेले. प्रवासवर्णनांत तो एखाद्या वाक्यापुरता येतो आणि बहुधा नावाशिवायच जातो. प्रस्तुत लेखात या मार्गदर्शकाचा मागोवा चार टप्प्यांत घेतला आहे : गावगाड्यातील वतनी वाटाड्या, तीर्थक्षेत्रातील उपाध्याय, वसाहतकाळातील शिफारसपत्रधारी नोकर व प्रवासकंपनी आणि स्वातंत्र्योत्तर काळातील शासनमान्य मार्गदर्शक. प्रत्येक टप्प्यात मार्गदर्शकाबद्दल हमी देणारी संस्था बदलली. वतन, वही, चिठ्ठी आणि परवाना ही त्या हमीची चार रूपे होत. या प्रत्येक व्यवस्थेने प्रवाशाची सोय कमीअधिक प्रमाणात पाहिली; मार्गदर्शकाचा मोबदला व प्रतिष्ठा मात्र तिने कितपत सांभाळली, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

गावगाड्यातील वाटाड्या

मराठी मुलखातील सर्वांत जुना आणि सर्वदूर आढळणारा मार्गदर्शक म्हणजे गावचा महार. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बलुतेदारीची जी तपशीलवार माहिती आहे, तीवरून गावाच्या व्यवहारात महार वतनदाराकडे किती विविध कामे असत हे लक्षात येते. वेशीवर राखण करणे, शिवेच्या तंट्यात साक्ष देणे, सरकारी टपाल व वसूल पोहोचविणे या कामांबरोबरच गावात आलेल्या अधिकाऱ्यास व वाटसरूस पुढील गावच्या शिवेपर्यंत वाट दाखविणे आणि त्याचे ओझे वाहणे हेही त्याचे कर्तव्य मानले जाई. शिवेवर पुढील गावचा महार हे काम हाती घेई. अशा रीतीने गावोगावच्या वाटाड्यांची एक अखंड साखळी तयार झाली होती आणि नकाशा हाताशी नसलेल्या प्रवाशास ती देशाच्या अंतर्भागात नेत होती.

या व्यवस्थेत प्रवाशास मार्गदर्शक शोधावा लागत नसे. पाटलाकडे किंवा चावडीवर गेले की वाटाड्या मिळे. त्याच्याबद्दलची हमी गाव देत असे. वाटेत चोरी झाली तर गावाची जबाबदारी धरली जाई, त्यामुळे वाटाड्याने प्रवाशास सुखरूप पोहोचविणे ही गावाचीही गरज होती. शिवार, पाणवठे, खिंडी, ओढ्यांचे उतार, चोरट्या वाटा यांचे महाराला असलेले ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांचे होते. शिवेच्या तंट्यात त्याची साक्ष महत्त्वाची मानली जाई, ती याच ज्ञानामुळे.

तथापि या सोयीची किंमत वाटाड्याने मोजली. ज्या समाजाच्या माणसाने वाट दाखवायची, त्यालाच देवळात, पाणवठ्यावर आणि अनेकदा ज्याला वाट दाखविली त्या प्रवाशाच्या जवळही जाण्यास मज्जाव होता. कामाचा मोबदला बलुत्याच्या आणि थोड्याशा वतनी जमिनीच्या रूपाने मिळे. वेळीअवेळी बोलावणे आले तर नकार देण्याचा अधिकार नव्हता. इंग्रजी अंमलात सर्व खात्यांच्या अधिकाऱ्यांचे दौरे वाढले, तशी ही वेठ अधिकच जाचक झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वंशपरंपरागत अधिकारविषयक कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले, त्यामागे हीच पार्श्वभूमी होती. महार वतनदाराकडून अहोरात्र काम घेतले जाते आणि त्याचा मोबदला मात्र अत्यल्प व अनिश्चित राहतो, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. ते विधेयक त्या वेळी संमत झाले नाही. मुंबई राज्यातील कनिष्ठ गाव वतने नाहीशी करणारा कायदा येण्यास १९५८ साल उजाडावे लागले.

एकोणिसाव्या शतकातील युरोपीय प्रवाशांनी व अधिकाऱ्यांनी सह्याद्रीतील किल्ले, लेणी व घाटवाटा यांचे जे ‘शोध’ नोंदविले, त्यांचे वाचन या संदर्भात करावयास हवे. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा सेनाधिकारी शिकारीच्या निमित्ताने अजिंठ्याच्या लेण्यांपाशी पोहोचला आणि दहाव्या लेण्यात त्याने आपले नाव व दिनांक कोरून ठेवला. स्थानिक गुराख्याच्या पोराने त्यास लेणी दाखविल्याची आख्यायिका सर्वत्र सांगितली जाते. आख्यायिकेचा खरेखोटेपणा कसाही असो, शोध लावणाऱ्याचे नाव खांबावर राहिले आणि वाट दाखविणारा आख्यायिकेत विरला, ही वस्तुस्थिती पुरेशी बोलकी आहे.

तीर्थोपाध्याय आणि वही

गावचा वाटाड्या प्रवाशास शिवेपर्यंत नेई. शेकडो कोसांवरील काशी, प्रयाग, गया, हरिद्वार, जगन्नाथपुरी किंवा रामेश्वर येथे जाणाऱ्या यात्रेकरूची गरज याहून मोठी होती. उतरण्यास जागा, स्वयंपाकाची भांडी, विधीचे साहित्य, घाटांची माहिती, उसनवार पैसे आणि आजारपणात आधार हे सर्व त्यास परक्या गावी हवे असे. ही गरज तीर्थोपाध्यायांनी भागविली. गयेचे गयावळ, प्रयागचे प्रयागवाल, काशी व हरिद्वारचे पंडे, नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्ये हे सर्व एकाच प्रकारच्या व्यवस्थेचे घटक होत. देशातील प्रदेश, जिल्हे, गावे, जाती व घराणी यांची उपाध्यायांमध्ये वाटणी झालेली असे. तीर्थावर पाऊल ठेवताच यात्रेकरूस गाव, जात व आडनाव विचारले जाई आणि त्याचा परंपरागत उपाध्याय ठरे. प्रयागच्या माघमेळ्यात व कुंभमेळ्यात प्रत्येक प्रयागवालाचे वेगळे निशाण उंच काठीवर फडकत असते. अक्षर न वाचता येणाऱ्या यात्रेकरूसही गर्दीत आपला उपाध्याय त्यामुळे सापडतो.

या व्यवस्थेचा खरा आधार म्हणजे उपाध्यायाची वही. हरिद्वार येथे तिला ‘बही’ म्हणतात. यात्रेस कोण आले, कधी आले, बरोबर कोण होते, घरात कोणाचा जन्म वा मृत्यू झाला याची नोंद यात्रेकरूच्या सहीनिशी तीत केली जाई. नवा यात्रेकरू आला की त्याच्या आजोबा-पणजोबांचे हस्ताक्षर त्याच्यासमोर ठेवले जाई. अनोळखी गावात अनोळखी माणसावर विश्वास ठेवण्यास याहून प्रभावी पुरावा कोणता असणार? घराण्यांच्या इतिहासाचे साधन म्हणून या वह्यांचे महत्त्व आता सर्वमान्य झाले आहे. हरिद्वार येथील वह्यांचे सूक्ष्मपटावर चित्रण अमेरिकेतील युटा येथील वंशावळी संस्थेने करून घेतले, यावरून त्यांची व्याप्ती ध्यानात यावी.

मराठी समाजाचा उत्तरेकडील तीर्थांशी असलेला संबंध अठराव्या शतकात विशेष वाढला. पहिल्या बाजीरावाच्या मातोश्री राधाबाई यांनी १७३५ साली काशीयात्रा केली, तेव्हा वाटेतील सत्ताधीशांनी त्यांच्या प्रवासाची व्यवस्था ठेवली. सामान्य यात्रेकरूस असे संरक्षण लाभत नसे. तो संघात, ओळखीच्या आधारे आणि अन्नछत्रांच्या आसऱ्याने प्रवास करी. अहिल्याबाई होळकर यांनी देशभर बांधलेल्या घाट व धर्मशाळांनी ही वाट पुष्कळ सुकर केली. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. पेणजवळील वरसईचे हे भिक्षुक, बायजाबाई शिंदे यांच्या मथुरेतील यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने आपल्या काकांसह १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि उठावाच्या धामधुमीत सापडले. ग्वाल्हेर, झाशी, बिठूर या ठिकाणी त्यांना जो आश्रय मिळाला तो मुख्यतः मराठी बोलणाऱ्या घरांचा व ओळखींचा होता. वाटेत लुबाडले जाऊनही ते गंगेची कावड घेऊन घरी परतले. हा ग्रंथ १९०७ साली चिंतामणराव वैद्य यांनी प्रसिद्ध केला. नात्यागोत्याच्या व उपाध्यायांच्या जाळ्यावर दूरचा प्रवास कसा तोलला जात असे याचे त्यात जिवंत दर्शन घडते.

या व्यवस्थेच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. यजमानवृत्ती ही वारसाने मिळणारी, भावांमध्ये वाटली जाणारी, प्रसंगी गहाण पडणारी मालमत्ता होती. यात्रेकरूस उपाध्याय निवडण्याचे स्वातंत्र्य व्यवहारात नव्हते. दक्षिणेचा आकडा आधी ठरत नसे. श्रद्धेच्या आणि पितरांच्या नावाने तो वाढत जाई. पुरीचे पंडे यात्रेकरू गोळा करण्यासाठी दूरदूरच्या गावी आपले हस्तक पाठवीत, याचे वर्णन डब्ल्यू. डब्ल्यू. हंटर यांनी ओरिसावरील आपल्या १८७२ च्या ग्रंथात केले आहे. असा हस्तक यात्रेकरूंना गावातून घेऊन निघे, वाटभर मार्ग दाखवी आणि पुरीत धन्याच्या स्वाधीन करी. प्रयाग, गया व पुरी येथील यात्राकर कंपनी सरकारने १८४० साली रद्द केला. उपाध्यायाची दक्षिणा मात्र कोणत्याच दरपत्रकात बसणारी नव्हती. शिवाय ही सोय सर्वांसाठी नव्हती. ज्याच्या हातचे पाणी चालत नाही अशा यात्रेकरूस वही उघडणारा उपाध्याय मिळणे कठीण असे. वतनी वाटाड्यास व्यवस्थेने बांधून ठेवले होते, तर उपाध्यायाच्या व्यवस्थेत यात्रेकरू बांधला जात होता, असा हा भेद आहे.

चिठ्ठी, हस्तपुस्तिका आणि कंपनी

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी सुरू झाली. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाला आणि १८७० मध्ये जबलपूर येथे लोहमार्ग जोडले जाऊन मुंबई व कलकत्ता यांच्यात आगगाडीने थेट प्रवास शक्य झाला. हिवाळ्यात मुंबईस उतरायचे, आगगाडीने उत्तरेतील प्रमुख शहरे पाहायची आणि उन्हाळ्यापूर्वी परतायचे, असा युरोपीय पर्यटकांचा क्रम रूढ होऊ लागला. या प्रवाशास येथे जात नव्हती, गोत्र नव्हते आणि कोणत्याही वहीत त्याच्या पूर्वजांची सही नव्हती. त्याच्यासाठी विश्वासाचे नवे साधन निर्माण होणे अपरिहार्य होते.

ते साधन प्रथम छापील हस्तपुस्तिकेच्या रूपाने आले. लंडनच्या मरे या प्रकाशनसंस्थेने एडवर्ड ईस्टविक यांनी लिहिलेली मद्रास व मुंबई इलाख्यांची हस्तपुस्तिका १८५९ साली प्रसिद्ध केली. पुढे संपूर्ण हिंदुस्थानासाठी तिच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. अंतरे, भाडी, उतरण्याची ठिकाणे, पाहण्याजोग्या वास्तू यांची माहिती त्यात असे. स्थानिक माणसाच्या तोंडी ज्ञानावर अवलंबून राहण्याची गरज अशा पुस्तकामुळे कमी होते, असा समज त्यामागे होता. प्रत्यक्षात पुस्तक हाती असूनही इंग्रजी व देशी भाषा जाणणारा प्रवासी नोकर सोबत घ्यावा आणि त्याची शिफारसपत्रे नीट तपासावीत, असा सल्ला या हस्तपुस्तिका देत. देशी भाषांत याच सुमारास वेगळ्या स्वरूपाचे लेखन होत होते. गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली आणि ना. वि. जोशी यांचे ‘पुणे शहराचे वर्णन’ १८६८ साली प्रसिद्ध झाले. स्वतःचे गाव स्वतःच्या भाषेत सांगणारे हे लेखक एका अर्थाने स्थानिक मार्गदर्शकच होते. परंतु आगबोटीतून उतरणाऱ्या पर्यटकापर्यंत त्यांचे ज्ञान पोहोचण्याचा मार्ग नव्हता.

शिफारसपत्र किंवा चिठ्ठी हे या काळातील हमीचे खरे चलन होते. पूर्वीच्या धन्याने लिहून दिलेल्या चिठ्ठ्यांचे पुडके घेऊन नोकर हॉटेलांच्या व्हरांड्यात उभे राहत. जानेवारी १८९६ मध्ये मुंबईस आलेला अमेरिकन लेखक मार्क ट्वेन याने १८९७ च्या आपल्या प्रवासवर्णनात असा नोकर ठेवल्याची हकिकत दिली आहे. चिठ्ठ्या साऱ्या चांगल्याच होत्या. तरीही थोड्याच दिवसांत नोकर बदलावा लागला. निघून जाणारा धनी नोकराचे अकल्याण नको म्हणून चांगलेच लिहितो आणि येणारा धनी त्यावर विसंबतो, हा चिठ्ठीव्यवस्थेतील मूलभूत दोष या हकिकतीतून दिसतो. दुसऱ्या बाजूने पाहिले तर आपल्याविषयी इंग्रजीत काय लिहिले आहे हे वाचू न शकणाऱ्या नोकराचे सर्व भवितव्य त्या कागदावर अवलंबून असे. वहीत यात्रेकरू सही करी आणि वही उपाध्यायाकडे राहून त्याचा अधिकार दृढ करी. चिठ्ठी मात्र धन्याच्या मर्जीची खूण होती.

चिठ्ठीतील ही अनिश्चितता दूर करण्याचे आश्वासन प्रवासकंपनीने दिले. थॉमस कुक याने १८७२-७३ मधील आपल्या पहिल्या जगप्रदक्षिणेत हिंदुस्थानातून प्रवास केला आणि १८८१ साली त्याच्या कंपनीचे कार्यालय मुंबईत उघडले. ठरलेले दर, आगाऊ तिकिटे व कंपनीने नेमलेली माणसे ही तिची वैशिष्ट्ये होती. या पद्धतीची सर्वांत मोठी कसोटी हज यात्रेच्या संदर्भात लागली. मुंबई हे हज यात्रेचे प्रमुख बंदर होते आणि तेथील दलाल यात्रेकरूंना तिकिटे, निवारा व पुढील व्यवस्था मिळवून देत. त्यांच्याविरुद्ध फसवणुकीच्या तक्रारी वाढल्या आणि जहाजांवरील गर्दी व रोगराई यांमुळे सरकारवर टीका होऊ लागली. हिंदुस्थान सरकारने १८८६ साली यात्रेकरूंच्या वाहतुकीचे काम थॉमस कुक कंपनीकडे सोपविले. घरच्या स्थानकापासून जेद्दापर्यंतचे एकच तिकीट, ही कल्पना कागदावर निर्दोष होती. परंतु दलाल हा यात्रेकरूच्या भाषेचा व धर्माचा माणूस होता आणि तो केवळ तिकीट विकत नसे. जेद्दाच्या पुढे यात्रेकरूस हाती घेणारे मुतव्विफ हे प्रदेशवार वाटणी असलेले परंपरागत मार्गदर्शक होते. त्यांची जागा युरोपीय कंपनी घेऊ शकत नव्हती. १८९३ मध्ये ही व्यवस्था संपुष्टात आली. दलालांना परवाने देऊन त्यांच्यावर नियंत्रण ठेवण्याचा मार्ग मुंबई सरकारने १८८० च्या दशकातच अवलंबिला होता आणि पुढेही तोच अधिक व्यवहार्य ठरला. स्थानिक मध्यस्थास वगळणे शक्य नाही, त्याचे नियमन तेवढे करता येते, हा धडा या प्रयोगाने दिला.

१९५८ : वतनाचा अंत आणि परवान्याचा उदय

पर्यटन हा शासनाच्या नियोजनाचा विषय होण्यास दुसऱ्या महायुद्धाचा शेवट कारणीभूत झाला. १९४५ साली सर जॉन सार्जंट यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने भारतात पर्यटनाच्या वाढीसाठी स्वतंत्र यंत्रणा असावी अशी शिफारस केली. प्रसिद्धी, माहितीपुस्तिका व वाहतूक यांबरोबर व्यावसायिक मार्गदर्शकांच्या प्रशिक्षणाचाही तिच्या शिफारशींत समावेश होता. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये परिवहन मंत्रालयात पर्यटनासाठी शाखा सुरू झाली आणि १ मार्च १९५८ रोजी स्वतंत्र पर्यटन विभाग अस्तित्वात आला.

१९५८ हे वर्ष प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. त्याच वर्षी प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे यांविषयीचा केंद्रीय कायदा संमत झाला. त्याखालील १९५९ च्या नियमांनुसार संरक्षित स्मारकात पुरातत्त्व अधिकाऱ्याच्या परवान्याविना मोबदला घेऊन प्रेक्षकास फिरवून दाखविण्यास बंदी आली. याच वर्षीच्या मुंबई राज्याच्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने संपुष्टात येण्याचा मार्ग मोकळा झाला. वाट दाखविण्याची सक्ती जन्माने ज्याच्यावर होती तो वाटाड्या कायद्याने मुक्त झाला आणि वाट दाखविण्याचा अधिकार परीक्षा देऊन मिळविणारा मार्गदर्शक कायद्याने निर्माण झाला. या दोन घटनांचा परस्परांशी प्रत्यक्ष संबंध नव्हता. तरीही जन्मजात कर्तव्याकडून अर्जित पात्रतेकडे झालेले समाजाचे संक्रमण त्यांच्या एकत्र येण्यातून स्पष्ट होते. तत्त्वतः ज्याला पूर्वी देवळात प्रवेश नव्हता, तोही आता त्याच देवळाच्या शिल्पाचे विवेचन छातीवर शासनाचा बिल्ला लावून करू शकत होता.

पुढील काळात या यंत्रणेचा विस्तार झाला. भारतीय पर्यटन विकास महामंडळ १९६६ साली, महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ १९७५ साली आणि भारतीय पर्यटन व प्रवास व्यवस्थापन संस्था १९८३ साली स्थापन झाली. मार्गदर्शकांची प्रादेशिक, राज्यस्तरीय व स्थानिक अशी श्रेणी रूढ झाली. प्रादेशिक मार्गदर्शकाकडून पदवी, परकीय भाषेचे ज्ञान, इतिहास व कला यांचा अभ्यास अपेक्षित धरला गेला. अर्धा दिवस वा पूर्ण दिवस आणि गटातील पर्यटकांची संख्या यांनुसार शुल्क ठरविण्यात आले; परकीय भाषेसाठी वेगळा भत्ता ठेवण्यात आला. दर आधीच ठाऊक असणे ही पर्यटकाच्या दृष्टीने मोठीच सुधारणा होती. ज्या दक्षिणेचा आकडा कोणी सांगत नसे, तिच्या जागी छापील दरपत्रक आले. गोव्यात १९८२ च्या कायद्याने पर्यटन व्यवसायाची नोंदणी सक्तीची केली. राजस्थानने २०१० साली पर्यटन व्यवसायाच्या नियमनाचा कायदा केला, त्यामागे पर्यटकांना घेरणाऱ्या ‘लपक्यां’चा उपद्रव हे महत्त्वाचे कारण होते.

परवान्याच्या मर्यादा

परवानापद्धतीने पात्रतेची हमी दिली. उपजीविकेची हमी तिला देता आली नाही. भारतातील पर्यटनाचा हंगाम बहुतांश ठिकाणी ऑक्टोबर ते मार्च एवढाच असतो. उरलेल्या महिन्यांत मार्गदर्शकास काम थोडे असते आणि त्यास वेतन नसते. दुकानदाराकडून मिळणाऱ्या दलालीवर तो अवलंबून राहतो, याचे कारण व्यक्तीच्या स्वभावापेक्षा या अर्थव्यवस्थेत शोधावे लागते. २०२० साली महासाथीमुळे पर्यटन ठप्प झाले तेव्हा परवाना असूनही नियत उत्पन्न नसलेल्या या वर्गाची असुरक्षितता प्रकर्षाने समोर आली. त्याच वर्षी केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने दूरस्थ पद्धतीने प्रशिक्षण घेऊन पर्यटक-साहाय्यक होण्याचा कार्यक्रम सुरू केला. अधिकाधिक लोकांना या व्यवसायात येता यावे हा त्याचा हेतू होता. मार्गदर्शकांची संख्या वाढेल, परंतु काम तेवढेच राहील, ही शंका मात्र त्यातून दूर होत नाही.

दुसरी मर्यादा ज्ञानाच्या स्वरूपाविषयी आहे. परीक्षेत राजवंश, शिल्पशैली व सनावळी यांचे ज्ञान तपासता येते. वेरूळ-अजिंठ्याच्या अंधाऱ्या लेण्यांत चकाकणाऱ्या पत्र्याने सूर्यप्रकाश परावर्तित करून भिंतीवरील चित्र नेमक्या क्षणी उजळविणारा, किंवा दौलताबादच्या ‘अंधारी’त मशाल धरून शत्रूची वाट कशी चुकविली जाई हे पावलापावलाने दाखविणारा स्थानिक माणूस ज्या ज्ञानाचा धनी असतो, ते प्रश्नपत्रिकेत मावत नाही. सह्याद्रीतील दुर्गम किल्ल्यांवर आजही दुर्गप्रेमी पायथ्याच्या वाडीतील वाटाड्यास सोबत घेतात. पावसात कोणती वाट निसरडी होते, टाक्यातील पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पिण्याजोगे असते हे त्यालाच ठाऊक असते.

या दोन मर्यादांवर उपाय शोधण्याचे काही प्रयत्न महाराष्ट्रातच झाले आहेत. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात पर्यटकांच्या प्रत्येक वाहनाबरोबर नोंदणीकृत स्थानिक मार्गदर्शक असावा लागतो आणि हे मार्गदर्शक परिसरातील गावांमधूनच घेतले जातात. त्यांत स्त्रियांचाही समावेश झाला आहे. जंगलामुळे ज्यांच्या वावरावर निर्बंध आले, त्यांना जंगल दाखविण्याच्या कामात वाटा मिळणे ही न्यायाची बाब होय. दिल्लीत सलाम बालक ट्रस्टच्या वतीने, रस्त्यावर बालपण काढलेले तरुण पहाडगंज परिसराची फेरी घडवितात. तेथे मार्गदर्शक स्वतःच्या जीवनाचा निवेदक होतो. मार्गदर्शकाचे ज्ञान आणि त्याचा मोबदला या दोहोंची सांगड घालण्याचे हे प्रयत्न छोटे असले तरी दिशादर्शक आहेत.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. भारतासारख्या विशाल देशात स्थानिक मार्गदर्शकांची उणीव क्वचितच होती; उणीव होती ती प्रवासी व मार्गदर्शक या दोघांनाही न्याय देणाऱ्या हमीची. वतनाने प्रवाशास सुरक्षितता दिली आणि वाटाड्याचे स्वातंत्र्य हिरावून घेतले. वहीने पिढ्यांचे नाते जपले, पण यात्रेकरूची निवड मर्यादित केली आणि अनेकांना वगळले. चिठ्ठीने मार्गदर्शकाचे भवितव्य धन्याच्या लेखणीवर सोपविले. परवान्याने जन्माची अट दूर केली, दर निश्चित केले. मात्र हंगामी दारिद्र्य दूर करणे त्यास साधले नाही. दरम्यान चिठ्ठी नाहीशी झालेली नाही. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर अनोळखी पर्यटकांनी दिलेल्या तारांकित अभिप्रायांवर आज मार्गदर्शकाचे काम अवलंबून राहते, तेव्हा एकोणिसाव्या शतकातील व्हरांड्यात पुडके घेऊन उभ्या असलेल्या नोकराची आठवण होणे साहजिक आहे. फरक एवढाच की आज त्यास तो अभिप्राय वाचता येतो.

इतिहास व पर्यटन या विषयांच्या अध्यापनाच्या दृष्टीने या वाटचालीस विशेष महत्त्व आहे. महाविद्यालयांच्या शैक्षणिक सहली दरवर्षी लेण्यांना, किल्ल्यांना व तीर्थक्षेत्रांना जातात. अशा सहलींत स्थानिक मार्गदर्शकास ठरलेले शुल्क देऊन सोबत घेणे, त्याने सांगितलेली माहिती त्याच्या संमतीने व नावानिशी नोंदवून ठेवणे आणि लिखित साधनांशी ती ताडून पाहणे हे विद्यार्थ्यांसाठी मौखिक इतिहासाचे उत्तम प्रशिक्षण ठरेल. त्या माहितीत आख्यायिका असतील, चुकाही असतील; परंतु हस्तपुस्तिकांतही त्या होत्याच. सहलीच्या अहवालात स्थळांची, राजांची व संशोधकांची नावे नेहमीच येतात. ज्याने वाट दाखविली त्याचे नाव त्याच पानावर लिहिले जाणे, ही या दीर्घ इतिहासातील एका जुन्या उणिवेची भरपाई ठरेल.